गरजेची तीव्रता

"आयोडीनचं चालंल का खडं मीठ आणू?"

शिकलगार मामांनी हे मला वर्कशॉपच्या दारात विचारलं. हातात मिठाच्या दोन पुड्या होत्या, अंगात इस्त्रीचा खाकी डगला. सकाळचे साडेनऊ वाजले होते. त्यांच्या मागे लोखंड कातायचे सहा लेथ ओळीत उभे होते, तेलाच्या चिंधीने पुसून लख्ख केलेले. शाळेच्या फोटोला पोरं उभी करतात ना, भांग पाडून, तसे.

"मला काय कळतंय मामा त्यातलं?"

"तुमी इंजिनियर न्हवं?"

"मेकॅनिकलचा. गंजाचं केमिस्ट्रीवाल्यांकडं असतं."

"मग खडंच आणतो," मामा म्हणाले. "आयोडीन गळ्याला चांगलं असतंय. लोखंडाला काय करतंय, कुणाला म्हाईत."

सहा दिवसांनी तपासणी समिती येणार होती. त्याआधी आम्हाला सहा चालते लेथ बंद पाडायचे होते. नुसते बंद नव्हे, गेली बारा वर्षं बंद आहेत असे दिसले पाहिजेत. कारण तसं मी लिहून दिलं होतं.

माझं नाव धैर्यशील मगदूम. नावात आईवडिलांची काही चूक नाही, त्यांना तेव्हा अंदाज नव्हता. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो आणि कृष्णाकाठच्या एका विद्यापीठाच्या इंजिनियरिंग कॉलेजात शिकवत होतो. तिथेच शिकलो होतो, तिथेच लागलो. मेकॅनिकलला साठ जागा होत्या. त्या वर्षी सतरा पोरं आली. त्यातली चार कॉम्प्युटरला गेली आणि एक घरच्या रसवंतीला. रसवंतीवाल्याचं सध्या बरं चाललंय. विभाग बंद होणार हे नक्की दिसत होतं, आणि बंद झाला की अकरा महिन्यांच्या करारावरचे आम्ही अकरा जण घरी जाणार होतो.

अशात एक योजना निघाली. अभियांत्रिकी शिक्षणाचं आमूलाग्र परिवर्तन करायला अनुदान. प्रस्ताव चौसष्ट पानांचा. विभागात सगळ्यात तरुण मी, आणि टायपिंग येतं ही माझी एकमेव सिद्ध झालेली पात्रता, म्हणून तो माझ्याकडे आला. पंधरा दिवस मी बाण काढत होतो. एका चौकोनातून दुसऱ्या चौकोनात बाण गेला की शिक्षणात परिवर्तन होतं. बाण दुहेरी काढला तर जास्त होतं.

प्रस्तावाला शंभर गुण होते. त्यातले चाळीस एकाच रकान्याला, 'गरजेची तीव्रता'. म्हणजे तुमची आज जितकी वाट लागलेली असेल तितके गुण.

प्राचार्य चौगुले सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. समोर कच्चा मसुदा होता.

"मगदूम, हे काय लिहिलंयस? 'सहा लेथ, सर्व चालू स्थितीत'?"

"चालू आहेत सर."

"असतील. पण सांगायचं कशाला? तिकडं कुणी विचारलंय?"

"रकाना आहे सर."

सरांनी चष्मा काढला. "पलीकडच्या कॉलेजनं लिहिलंय, छत गळतं म्हणून."

"त्यांचं छत गळतं सर."

"असतं एकेकाचं नशीब," सर म्हणाले आणि आमच्या छताकडे बघत राहिले. एक डाग नव्हता. "हे बघ, अकरा पोरांच्या पोटाचा प्रश्न आहे. त्यात तूही आलास. जरा कल्पनाशक्ती वापर."

मी वापरली. 'सहापैकी सहा लेथ गेली बारा वर्षे पूर्णपणे बंद.' हे मी गमतीत लिहिलं होतं. सर म्हणतील, अरे एवढं नको. मग आपण तीनवर येऊ, मग दोनवर तोडू. भाजी घेताना करतो तसं. सरांनी ते वाक्य वाचलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "सुंदर."

प्रस्ताव गेला. पहिल्या चाळणीत आम्हाला चाळीसपैकी अडतीस पडले. दोन बहुतेक छतामुळे गेले. मग पत्र आलं, नमूद स्थितीची प्रत्यक्ष पाहणी करण्यासाठी समिती येत आहे.

"शिकलगारला तू सांग," चौगुले सर म्हणाले. "तुझं ऐकतो तो."

दस्तगीर शिकलगार. वर्कशॉपचे इन्स्ट्रक्टर, नोकरी एकतीस वर्षं, निवृत्तीला चार महिने. त्यांचे आजोबा गावोगाव फिरून तलवारी-कात्र्यांना धार लावायचे. वडील विळ्या-कोयत्यांना. मामांच्या वाट्याला आम्ही आलो. पोरांनी कानस मारून आणलेल्या लोखंडावर ते अंगठ्याचं नख फिरवायचे, डोळे दुसरीकडेच, आणि म्हणायचे, "डाव्या अंगाला केसभर हाय अजून." मोजून बघितलं की केसभर असायचं.

आणखी एक गोष्ट सांगायची तर मामा लेथ आवाजावरून ओळखायचे. आमचा खेळच होता तो. मामांना भिंतीकडे तोंड करून उभं करायचं, कुठलाही एक लेथ सुरू करायचा. "दोन नंबर. सर्दी झाल्यासारखा बोलतोय." पुढचा. "सहा. ह्यो पैलवान." चार नंबर तर कुणीही ओळखलं असतं. त्याच्या आतल्या गिअरचा एक दात तुटलेला होता, त्यामुळे फिरताना मधूनमधून 'टक्' असा आवाज यायचा.

तो दात मी पाडला होता. पहिल्या वर्षाला असताना, मशीन थांबायच्या आत गिअर बदलायला गेलो तेव्हा. आता कॉलेजातून काढतात म्हणून मी रडायला लागलो होतो. मामांनी वर काही कळवलं नाही. लेथ बंद केला, आत डोकावले आणि म्हणाले, "ए मगदूम, गप. आता ह्ये जलमभर तुझ्या नावानं लंगडंल. बस्स, येवढीच शिक्षा."

मी नोकरीला लागलो त्या दिवसापासून मात्र ते मला 'सर' म्हणायला लागले. मी खूपदा सांगितलं, नका म्हणू. "पदाचा मान असतोय," म्हणायचे.

मी मामांना सगळं सांगितलं. फॉर्म, गुण, समिती. मामा लेथच्या कडेला उभे राहून ऐकत होते, हातातली चिंधी चालूच.

"म्हंजे चांगलं हाय म्हणून मिळत न्हाई?"

"नाही."

"आनि वाईट असलं की मिळतंय?"

"अडतीस गुण."

"मग शिकलोच कशाला आपण," मामा म्हणाले. रागाने नाही. खरंच विचारत होते. मग थोड्या वेळाने, "न्हाई मिळालं तर किती जाणार?"

"अकरा."

"आनि मिळालं तर? नवीन लेथ येणार?"

यंत्रसामग्रीची यादी पान एक्केचाळीसवर होती. मीच टाईप केली होती.

"येतील," मी म्हणालो.

मामांनी चिंधी घडी करून खिशात ठेवली. चार नंबरच्या अंगावर दोनदा थोपटलं, म्हशीला थोपटतात तसं. "मग जुन्याची माया काय करायची," म्हणाले. "आमच्या गावच्या जत्रंत नाटक असायचं. रंगपट माझ्याकडं. वीस वर्साचं पोरगं उभं ऱ्हायचं माझ्याम्होरं, आनि म्हातारा हून ष्टेजवर जायचं. त्येची आई वळखायची न्हाई. बगतो मी. पाच दिवस शॉपमदी कुणी यायचं न्हाई. तुमीबी न्हाई."

आणि दुसऱ्या दिवशी ते मीठ घेऊन आले.

पाच दिवस वर्कशॉपचं दार आतून बंद होतं. आतून कानशीचा आवाज यायचा, खर्र खर्र, तासन्‌तास. गंज चढवायला कानस कशाला लागते हे मला कळेना, पण मी मेकॅनिकलचा होतो. दुपारी मामा चहाला बाहेर यायचे. बोटं तांबडी झालेली, नखांत तांबडं. कॅन्टीनवाल्याने विचारलं, "मामा, मेंदी काढली काय?" मामा म्हणाले, "लगीन हाय. सहा जणांचं."

तिसऱ्या दिवशी त्यांना वेगळीच काळजी होती.

"सर, जाळ्या कुठनं आणायच्या? बारा वर्सं बंद म्हंजे जाळ्या पायजेत. आनि कोळी काय सांगून येत न्हाई."

मी लायब्ररीत चौकशी केली. तिथे जाळ्या भरपूर होत्या, संदर्भ विभागात तर उत्तम प्रतीच्या, पण काढून आणायची सोय नव्हती. शेवटी मामांनी सुताच्या धाग्याला गव्हाची पेज लावून जाळ्या केल्या. त्यात एक मेलेली माशीही होती. माशी खरी होती.

समितीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला आत घेतलं.

मी दारातच थांबलो. सहाही लेथ मेलेले होते. बेडवर तांबूस पापुद्रे आले होते, लोखंड पकडणाऱ्या चकांच्या फटींत माती बसली होती, हँडलं एका कुशीवर कलली होती. टोकाच्या टेलस्टॉकवर पाखरांची घाण होती, तीही जुनी वाटत होती. ज्या मशीनवर मी पहिल्यांदा लोखंड कापलं ते यातलं कुठलं, हे मला क्षणभर ओळखता येईना. चौथं, मोजून ओळखलं. मी हात पुढे केला.

मामांनी माझं मनगट धरलं. "हात लावायचा न्हाई. उद्यापत्तूर कुणी हात लावायचा न्हाई."

"मामा, हे... पुन्हा काही..."

"झक्क झालंय का न्हाई, तेवढं सांगा."

"झालंय."

"मग जावा घरी. उद्या दाढी करून या."

समितीत तीन जण होते. प्रमुख डॉ. पेठे मॅडम, पुण्याच्या, पन्नाशीच्या, पायात बूट. बाकी दोघे सदस्य होते, ते शेवटपर्यंत सदस्यच राहिले. मॅडमनी मात्र प्रस्ताव खरोखर वाचला होता. हा प्रकार आमच्या कॉलेजात याआधी कधी झालेला नव्हता.

वर्कशॉपमध्ये शिरल्यावर त्यांनी वही काढली. ओळीतून चालत गेल्या. दोन नंबरपाशी थांबल्या आणि कुणी काही म्हणायच्या आत बोट पुढे करून हिरवं बटण दाबलं.

चौगुले सरांनी माझा दंड धरला. मोटर गुणगुणली. चक हललं नाही. मोटर तशीच गुणगुणत राहिली, सर्दी झाल्यासारखी, आणि मॅडमनी तांबडं बटण दाबून ती बंद केली. सरांनी दंड सोडला.

"इथे कोण असतं?"

मामा पुढे झाले. हात जोडले. "मी हाय मॅडम. शिकलगार."

"किती वर्षं आहात?"

"एकतीस."

"आणि बारा वर्षं हे असं पडून आहे?"

"व्हय."

"मग बारा वर्षं तुम्ही करत काय होता?"

कोपऱ्यात पोरांनी कानस मारून केलेले चौकोन टांगलेले असायचे, ते मामांनी आधीच काढून ठेवले होते. नाहीतर त्यांच्याकडे बोट दाखवता आलं असतं. चौगुले सर छताकडे बघत होते. मी मॅडमच्या बुटांकडे. तिथे ज्यांनी बोलायला हवं होतं ते आम्ही दोघं, आणि दोघांनीही दाढी केली होती.

"काय न्हाई मॅडम," मामा म्हणाले. "बसून हुतो."

मॅडमनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. कॉलरपासून खालपर्यंत. "तुमचा डगला इतका स्वच्छ, आणि मशीनची ही दशा? पटत नाही."

चौगुले सरांनी पुन्हा माझा दंड धरला.

"डगला घरी धुत्यात मॅडम," मामा म्हणाले. "मशीन माझ्याकडं हुती."

मॅडमनी लिहून घेतलं. एवढ्या शांततेत पेनाचा आवाज येतो, हे मला त्या दिवशी कळलं. बाहेर पडताना त्या थांबल्या आणि मला हळूच म्हणाल्या, "अशी माणसं असतात म्हणूनच हे सगळं बदलायला हवं. तुम्ही तरुण आहात, तुम्ही लिहिलंत, बरं केलंत." मी थँक्यू म्हणालो. खरंच म्हणालो.

अहवालात एक उपशीर्षक होतं, 'मनुष्यबळाची उदासीनता'. खाली उदाहरण म्हणून मामांचं नाव, हुद्दा आणि त्यांचंच वाक्य, 'बसून होतो'. चाळीसपैकी चाळीस पडले. छत न गळता.

मंजुरी दोन महिन्यांनी आली. सोबत अटी. अट क्रमांक सात होती, प्रस्तावात बंद म्हणून दाखवलेली यंत्रं तीस दिवसांत हलवून जागा मोकळी करावी. त्या वेळी मामा विजापूरला होते, लेकीचं बाळंतपण होतं, पंधरा दिवसांची रजा. जुनं सामान बाद ठरवणाऱ्या निर्लेखन समितीत मी होतो. तीन ठिकाणी सह्या केल्या.

भंगारवाला ट्रक घेऊन आला. त्याने एका लेथच्या बेडवर बोट ओढलं, मग बोटाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"साहेब, नक्की बंद आहेत ना?"

"बारा वर्षं," मी म्हणालो. "समितीने पाहिलंय."

"समितीने पाहिलंय म्हणजे झालंच," तो म्हणाला, आणि एवढ्या घाईने माल भरायला लागला की मला त्याच्या कामसूपणाचं कौतुक वाटलं.

मामा परत आले त्या दिवशी वर्कशॉपमध्ये रंगारी होते. भिंतींना संत्र्यासारखा रंग चालला होता. कल्पकता वाढते म्हणे त्याने. जमिनीवर सहा काळपट चौकोन राहिले होते, एकतीस वर्षांच्या तेलाचे. मामांनी माझ्या हातात विजापूरच्या पेढ्यांचा पुडा दिला. "नात झाली." आणि इकडेतिकडे बघितलं.

"जागा केली व्हय नव्यास्नी? बरं झालं. जुनी कुठं ठेवली?"

"भंगारात गेली मामा. अट होती."

 डगल्याच्या आतल्या खिशातून मामांनी एक पुरचुंडी काढली. तेलकट चिंधीची. सोडली. आत लोखंडाचे सहा तुकडे होते, बोटाच्या पेराएवढे, चौकोनी, आरशासारखे. प्रत्येकाच्या बुडावर पंचने आकडा मारलेला. एक ते सहा.

हे काय आहे ते मला शिकवायला नको होतं. मोटरच्या दांड्यावर पुली घट्ट बसावी म्हणून मध्ये एक चावी ठोकलेली असते. ती काढली की मोटर फिरते, मशीन फिरत नाही. गुणगुणते नुसती.

"येवढंच काढलं हुतं," मामा म्हणाले.

"पण गंज..."

"लोखंडाचा भुगा पाडला कानशीनं. त्यो मिठाच्या पाण्यात गंजवला, डिंकात कालवला आनि लावला. खाली बोटभर ग्रीस. पुसलं असतं की निगालं असतं, आंघूळ घातल्यागत." ते चावी नखाने चाचपत होते. "नवीन आली की कोपऱ्यात हीबी लावायची हुती. मी तर आता जाणारच, पन पोरास्नी हात बसवायला जुनंच बरं असतंय."

"मामा, मला सांगायचं होतं."

"तुमास्नी?" मामा हसले. "तुमास्नी खोटं बोलाय येत न्हाई, सर. तोंडावर दिसतं. त्या मॅडमनी विचारलं असतं तर पटकन बोलला असता. म्हणून न्हाई सांगितलं."

रंगारी वरून म्हणाला, "साहेब, बाजूला व्हा, ठिपका पडंल."

आम्ही बाजूला झालो. मामांनी पुरचुंडी बांधली.

"आता काय, गेलं ते गेलं. नवीन किती येणार?"

"सहा," मी म्हणालो.

"सहाच?"

"आठ."

"हां," मामा म्हणाले. "आठ बरी."

महिनाअखेर मामा निवृत्त झाले. शाल, नारळ, चौगुले सरांचं भाषण. 'शिकलगार म्हणजे संस्थेचा कणा' असं सर म्हणाले. अहवालाची प्रत त्यांच्याच टेबलावर होती. जाताना मामांनी पुरचुंडी माझ्या हातात दिली. "नव्यात बसणार न्हाईत ह्या. एकाची दुसऱ्याला बसत न्हाई. पन टाकवत न्हाई."

पान एक्केचाळीसवर काय होतं ते आता सांगतो. चाळीस बीनबॅग, म्हणजे बसलं की उठता येत नाही अशी गादी. लिहिता येईल अशी काचेची भिंत. चार थ्रीडी प्रिंटर, त्यातला एक अजून चालतो, चार तासांत प्लास्टिकचा एक नट देतो. लेथ हा शब्द त्या चौसष्ट पानांत एकदाच होता, गरजेच्या तीव्रतेत.

अकराही जणांची नोकरी राहिली. मी पुढे कायम झालो.

मामा विजापूरला लेकीकडे राहायला गेले. दोन-तीन महिन्यांनी फोन यायचा. नातीचं सांगायचे, गुडघ्याचं सांगायचे, आणि फोन ठेवता ठेवता, "आले का?"

"टेंडरमध्ये आहेत मामा."

पुढच्या वेळी, "आले का?"

"कंपनी बदलली. बाहेरून येतायत."

मग मी ते जहाजात चढवले. एकदा चढवल्यावर उतरवायचं कसं कळेना. आठ लेथ सव्वा वर्ष समुद्रात होते. "लई लांबनं येत्यात," मामा म्हणायचे. "पानी लागू देऊ नका म्हणावं."

तीन वर्षांनी फोन आला तो जावयाचा. मामांचं दुखणं वाढलंय, बोलणं फार होत नाही, पण तुमच्याशी बोलायचं म्हणतायत. मग मामांचा आवाज. चहाच्या गाळणीतून आल्यासारखा.

"आले का?"

"आले मामा."

"लावले?"

"लावले. आठही."

"एक चालू करून ऐकवा की."

मी म्हणालो, आज सुट्टी आहे, उद्या ऐकवतो.

दुसऱ्या दिवशी मी एमआयडीसीत गेलो. मागच्या गल्लीत पत्र्याच्या शेड आहेत, एकेक-दोनदोन मशीनच्या. तिसऱ्या शेडमध्ये एक लेथ चालू होता, नुकताच हिरवा रंग मारलेला. मालक उसाच्या चरकाचे बुश कापत होता.

"दोन मिनिटं फोन धरू का हितं?" मी विचारलं. "एकांना आवाज ऐकवायचाय."

त्याने माझ्याकडे बघितलं. "इन्शुरन्सवाले का?"

"नाही. प्राध्यापक आहे."

"मग धरा," तो म्हणाला. प्राध्यापकांकडून त्याची काही अपेक्षा नसावी.

मी नंबर लावला. फोन चकाजवळ धरला. अर्ध्या मिनिटाने कानाला लावला. "मामा, येतोय का आवाज?"

"थांबा की. ऐकतोय."

पुन्हा धरला. मालक कापत होता, लोखंडाची साल वळत खाली पडत होती. पुन्हा कानाला लावला.

 मग मामा म्हणाले, "मगदूम."

सर नाही. मी नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा.

"हां मामा."

"ह्ये आपलं चार नंबर हाय."

मी मशीनकडे वळलो. आणि मग मलाही ऐकू आलं. इतका वेळ कसं आलं नाही कोण जाणे. टक्. थोडं थांबून, टक्.

"नवीन आलीच न्हाईत न्हवं."

टेंडर, कंपनी, जहाज, सगळं तोंडात तयार होतं. 

"आसू दे," मामा म्हणाले. दम घ्यायला थांबले. "चावी कुणीतरी बरी बशिवलीया. त्येल घालतोय का त्यो?"

मी मालकाला ओरडून विचारलं, "तेल घालता का ह्याला?"

"रोज सकाळी. का ओ?"

"घालतो म्हणतोय मामा. रोज सकाळी."

"मग झालं."

मामांनी फोन ठेवला नाही. पलीकडे त्यांचा श्वास येत होता, सावकाश. मालकाने एक बुश काढला, दुसरा चढवला. मी फोन पुन्हा मशीनपाशी नेला आणि हात भरून आला तरी तसाच धरून उभा राहिलो.